रोमाचे लोक

९ फेब्रुवारी

अनयचा होकार आला. पुण्याच्या ज्या ऑडिओ-मंचासाठी तो काम करतो, त्यांना माझे सहा भाग हवे आहेत. विषय ऐकून तो आधी हसला. म्हणाला, "ताई, बायझंटाइन हा शब्द म्हणेपर्यंत अर्धे लोक दुसरं काहीतरी लावतील." मग मी त्याला सांगितलं की पश्चिमेचं रोम बुडालं हे सगळ्यांना माहीत असतं, पण पूर्वेचं रोम त्यानंतर आणखी हजार वर्षं उभं होतं, हे आपल्याला कुणी सांगतच नाही. आम्हाला एम.ए.ला ती हजार वर्षं दीड पानात उरकली होती. तेव्हापासून ते दीड पान माझ्या डोक्यात आहे.

जाणकार लोकांना भेटायचं, त्यांच्याशी मराठीत किंवा जमेल त्या भाषेत बोलायचं, आणि ते ऐकवायचं. नाव ठरलं, 'नवं रोम'.

रविकांतला सकाळी सांगितलं तर तो मोजे घालता घालता म्हणाला, "चेन्नईत बसून पुण्याच्या लोकांना इस्तंबूलची गोष्ट सांगणार. लते, तुला करायला काही सोपं सापडतच नाही का?" पण खूश होता. संध्याकाळी सिरुसेरीच्या ऑफिसातून येताना माइक घेऊन आला.

१७ फेब्रुवारी

पहिली मुलाखत झाली. एग्मोरला डॉ. गुरुमूर्तींच्या घरी. आयुष्यभर नाण्यांचा अभ्यास केलेला माणूस. त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मनातून जात नाही. दक्षिण भारतात त्या पूर्वेकडच्या रोमची सोन्याची नाणी सापडतात, आणि त्यांतल्या पुष्कळ नाण्यांना राजाच्या डोक्याच्या वर दोन भोकं पाडलेली असतात. गळ्यात घातलं की राजा सरळ राहावा म्हणून. इथल्या कुणा बाईला त्या राजाचं नाव माहीत असण्याचं कारण नाही. पण त्याला उलटा लटकवायचा नाही, एवढं तिनं पाहिलं.

बोलणं इंग्रजीतून झालं. त्यांच्या इंग्रजीला तमिळ हेल इतका गोड आहे की एक शब्द कापवत नाही. ते तसंच ठेवणार. मध्ये मध्ये मी मराठीत सारांश सांगेन.

निघताना ते म्हणाले, "तुम्ही वादिराजना भेटायला हवं. ट्रिप्लिकेनला राहतात. ग्रीक येणारा इतिहासाचा प्राध्यापक या शहरात दुसरा नाही. आणि घरी मराठी बोलतात."

मराठी. मला रस्त्यातच नाचावंसं वाटलं.

२ मार्च

वेलचेरीच्या घरून गाडीने थेट तिरुवल्लिकेणी, म्हणजेच ट्रिप्लिकेन. लेकीला, निधीला, मदतीला नेलं होतं, रेकॉर्डरचं तिला जास्त कळतं.

वादिराज सर चौऱ्याहत्तरचे असतील. एका जेसुइट पाद्र्याकडे ग्रीक शिकले. मूळ तंजावरचे, म्हणजे खूप पिढ्यांमागे आपल्याकडचेच, पण आता काय, तमिळच म्हणायचे. सोबत थोरली बहीण, अन्नपूर्णाबाई. सगळे त्यांना अक्का म्हणतात. आईवडील लवकर गेले, स्वतःचा नवराही गेला, मग या भावाला त्यांनीच वाढवलं. कॉफी आणून दिली आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या.

मी इंग्रजीत सुरुवात केली. सरांनी हात वर केला. "इंग्रजी नको हो. चाळीस वर्षं इंग्रजींतच सांगट्लों. अक्का आहे ना, तीस एक अक्षर कळलं नाही. आत्तां मराठींत सांगूं. ती ऐकेल."

"मज काय ठाऊक?" अक्का म्हणाल्या. "हा पुस्तक काढून बसत्ये, मीं जेवण झांकून ठेवत्यें. कोण राजा, कोण मेला, कधीं सांगट्ला नाही."

"तूं कधीं विचारट्लीस?"

"विचारट्लें असतें तर इंग्रजींत सांगट्ला असतास."

अक्कांना मराठी वाचता येत नाही. वाचतात तमिळ. त्यामुळे भावाने जन्मभर काय केलं, हे कानानेच कळायचं तर कळणार. सर म्हणाले, हे सगळं मी तिच्यासाठीच करतोय, तुमच्या श्रोत्यांची मला माफी असावी.

त्यांची मराठी कशी आहे, तर जुनी पोथी कुणीतरी तमिळ हेल लावून वाचावी तशी. मी जिथे श्रोत्याला अडेल असं वाटलं तिथे लगेच सोपं करून देत होते. "सांगट्लों म्हणजे सांगितलं ना, सर?" "हो, हो. सांगितलं." फार समजूतदार माणूस.

निधी अक्कांशी अर्धं तमिळ, अर्धं मराठी बोलत होती. "पाटी," म्हणजे आजी, "तुमचा घर छान आहे." मी हळूच म्हटलं, "तुमचं घर." पुढचं सगळं ती तमिळमधून बोलली. या मुलीला मराठीचा कंटाळाच आहे.

१४ मार्च

दुसरी बैठक. आज सरांचं बोलणं मागच्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ होतं. माझ्या संगतीचा परिणाम असेल.

हजारएक वर्षांपूर्वीची हकीकत. पोपकडून एक पत्र कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, आलं. त्यात तिथल्या सम्राटाला 'ग्रीकांचा सम्राट' म्हटलं होतं. दरबार इतका खवळला की पत्र आणणाऱ्या दूतांना तुरुंगात टाकलं. कारण ते लोक स्वतःला रोमनच म्हणवत. भाषा ग्रीक, पण आपण रोमन. 'बायझंटाइन' हे नाव तर ते राज्य बुडाल्यावर दुसऱ्यांनी दिलेलं. त्यांच्यातल्या कुणी ते स्वतःसाठी वापरलं नव्हतं.

मी विचारलं, "पण सर, ग्रीक बोलत होते, रोम शहर कधीच हातचं गेलेलं. मग ग्रीक म्हटलं तर एवढं रागवायचं काय?"

त्यांनी कप हातात घेतला. मग म्हणाले, "रोमास बसलेल्यांस वाटत्ये, रोम आमच्याकडे आहे. दूर गेलेल्यानें तें आपल्याबरोबर नेलेलं असत्ये. त्याच्याकडून नांव काढून घेतलं तर त्याच्याकडे काय राहील?"

छान बोलले. पण मूळ मुद्द्यापासून जरा लांब गेलं. हा तुकडा कापावा लागेल.

२१ मार्च

अनयचा फोन. भाग ऐकला त्याने. "ताई, काका फार गोड आहेत. पण हे ऐकून लोक हसतील. काही ठिकाणी मला कळलंच नाही. आपण डबिंग करू. आमच्याकडे एक नाटकातला आहे, सोन्यासारखा आवाज."

मी म्हटलं, गुरुमूर्तींचं इंग्रजी तर ठेवलंय आपण.

"ते इंग्रजी आहे, ताई. हे मराठी आहे. मराठीला लोक सोडत नाहीत."

मला पटलं. लोकांनी सरांना हसावं हे मला सहन झालं नसतं. त्यांच्याच भल्यासाठी आहे.

२४ मार्च

डबिंग ऐकलं. काय आवाज आहे. सरांचं म्हणणं आता कसं झुळझुळीत वाटतं. पत्राचा तुकडा काढलाय. प्रस्तावना मी म्हटली: "आज आपल्याशी बोलत आहेत प्राध्यापक वादिराज, तमिळ असूनही मराठीवर मनापासून प्रेम करणारे एक विद्वान." हे ऐकून सरांना बरं वाटेल.

आवाज दुसऱ्याचा आहे, हे खाली माहितीत शेवटच्या ओळीत लिहिणार आहेत. सरांना आधी सांगायला हवं. उद्या फोन करते.

२८ मार्च

फोन राहिला. दोनदा हातात घेतला होता. आज त्यांचाच आला. भाग पाडव्याला येतोय, तर सकाळी आमच्याकडेच या, सगळे मिळून ऐकू, अक्का पोळ्या करणार आहे.

मी हो म्हटलं. बाकीचं बोलायचं होतं, पण ते इतके आनंदात होते. प्रत्यक्ष भेटल्यावर सांगणं बरं.

३० मार्च, पाडवा

आज लिहिणं शक्य नाही.

३१ मार्च

लिहिते.

अक्का ठेवणीतलं रेशमी लुगडं नेसून बसल्या होत्या. शेजारच्या हरिणीने आपला स्पीकर आणून दिला होता, दोन-चार नातेवाईक आले होते. अक्कांची खुर्ची स्पीकरच्या अगदी जवळ. मी सरांना बाजूला घ्यायला बघत होते, पण ते सगळ्यांच्या चटया सरळ करण्यात गुंतले होते. आणि हरिणीने बटण दाबलं.

माझा आवाज आला. 'तमिळ असूनही'ला कुणीतरी सरांकडे पाहिलं. सर स्पीकरकडेच बघत राहिले. मग तो सोन्यासारखा आवाज सुरू झाला.

अक्का पुढे वाकल्या. थोडं ऐकलं. मग म्हणाल्या, "हा कोण? वादू केव्हां येईल?"

त्यांना वाटलं उत्तर आपल्याला ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. "वादू केव्हां येईल?"

सर म्हणाले, "हें माझंच आहे अक्का. दुसऱ्यानें सांगट्ला."

"कां? तुज बोलायला येत्ये ना?"

मी काहीतरी म्हणाले. श्रोत्यांच्या सोयीसाठी, तांत्रिक अडचण, असलं काहीतरी. माझं मराठी फार शुद्ध होतं. पूर्ण भाग ऐकावा लागला. मध्येच बंद कर म्हणणंही अपमानच झाला असता. त्या आवाजातलं अक्कांना कितपत कळलं कोण जाणे. त्या अर्ध्यातून उठून पोळ्या वाढायला गेल्या. मला दोन वाढल्या, वर तूप घातलं.

निघताना सर जिन्यापर्यंत आले. "छान झालं हो. आवाज चांगला आहे त्याचा." तेवढंच. ते रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

निधी परत येताना गाडीत खिडकीबाहेर बघत होती. वेलचेरी आल्यावर म्हणाली, "आई, यू डिडन्ट टेल देम?"

४ एप्रिल

रविकांत जेवताना मोबाइलवरच्या प्रतिक्रिया वाचून दाखवत होता. "हे ऐक. 'चेन्नईचा तमिळ माणूस एवढं शुद्ध मराठी बोलतो, आपल्या पोरांनी कान देऊन ऐकावं.' लते, तुझ्या सरांना डोक्यावर घेतलंय लोकांनी."

"ते सर नव्हेत."

"लोकांना काय माहीत?"

मी पानावरून उठले. त्याला कळेना काय झालं. वाईट नाही तो. मीही दहा दिवसांपूर्वी अशीच हसले असते.

१२ एप्रिल

तिसऱ्या बैठकीला गेले. सरांनी आधीच दोन खुर्च्या मांडल्या होत्या. मागच्या बैठकीला तीन होत्या, तिसरी अक्कांची. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं तर म्हणाले, "शॅल वी डू इट इन इंग्लिश? इट विल बी ईझियर फॉर बोथ ऑफ अस."

तासभर बोलले. उत्तम, मुद्देसूद. धर्मयुद्धाला निघालेल्यांनी स्वतःच्याच धर्माचं कॉन्स्टँटिनोपल कसं लुटलं, ते. मी मान डोलवत होते. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. पूर्वी बैठकीच्या वेळी अक्का भांड्यांना हात लावत नसत. कॉफी सरांनी स्वतः आणली.

शेवटचा भाग राहिलाय, शहर पडलं त्याचा. तोही इंग्रजीतच सांगीन म्हणाले.

१९ एप्रिल

पहिल्या दोन बैठकींचं मूळ रेकॉर्डिंग ऐकायला घेतलं. वाटलं होतं, त्यातून काही वाचवता येईल. पण ऐकू आले ती मीच. ते वाक्य सुरू करतात, मी मध्ये येते. "म्हणजे सांगितलं ना?" "म्हणजे मला, ना?" "म्हणजे कुठे?" ते दर वेळी थांबतात, "हो, हो," म्हणतात आणि माझा शब्द घेऊन पुढे जातात. दुसऱ्या बैठकीत तर मी विचारायच्या आधीच थांबतात. शब्द शोधतात. आपल्या घरात, आपल्या बहिणीसमोर, परक्यासारखे चाचरत बोलतात. त्यालाच मी 'स्वच्छ' म्हटलं होतं.

फक्त पत्राच्या गोष्टीत ते थांबत नाहीत. "त्याच्याकडून नांव काढून घेतलं तर त्याच्याकडे काय राहील?" त्यानंतर कपाचा बशीवर आवाज आहे. आणि मग मी घाईघाईने पुढचा प्रश्न विचारते.

ते मला सांगत होते. तेव्हाच. इतक्या हळुवारपणे की मला ते इतिहास वाटलं.

निधी मागे येऊन उभी होती. हेडफोनची एक बाजू कानाला लावून ऐकलं तिने. मला वाटलं होतं, हसेल.

२३ एप्रिल

अनयशी भांडण. भाग काढून मूळ आवाज लावा म्हटलं. "ताई, सगळ्यांत जास्त ऐकला गेलेला भाग आहे तो. लोक विचारतील, हा आवाज कुणाचा." मी म्हटलं, तेच विचारू देत. शेवटी तयार झाला, पण अट घातली की सुरुवातीला मी स्वतः कारण सांगायचं.

चार वेळा लिहिलं. चारही वेळा ते मी किती थोर मनाची आहे असं वाटायला लागलं. शेवटी एवढंच म्हटलं: "सरांची मराठी तुम्हाला समजणार नाही असं मी ठरवलं होतं. त्यांना न विचारता त्यांचा आवाज बदलला. त्यांना तमिळ म्हटलं. ते मराठी आहेत. चूक माझी आहे."

मूळ बोलण्यातली माझी मधली लुडबुड अनय कापतो म्हणत होता. राहू दे म्हटलं.

६ मे

कत्तिरी लागली आहे, कडक उन्हाळ्याचे दिवस. गाडीतून उतरून गल्लीपर्यंत जाईतो डोकं तापलं.

सरांना म्हटलं, शेवटचा भाग मला सांगू नका, अक्कांना सांगा. तुमच्या मराठीत. मी एक शब्द बोलणार नाही.

ते म्हणाले, "अक्कास विचारा."

स्वयंपाकघरात गेले. त्या खाली बसून वाळलेल्या मिरच्यांची देठं काढत होत्या. मीही समोर बसले. नवीन लावलेला भाग ऐकला का, विचारलं.

"ऐकट्लें. हरिणीनें लावट्ला." मिरची मोडली. "वादू फार अडखळत्ये त्यांत. लहानपणीं असा नव्हता."

"ते माझ्यामुळे, अक्का."

"ठाऊक आहे."

मी शेवटच्या भागाचं विचारलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. "आत्तां आम्ही बोलूं. मग तुम्ही घरीं जाऊन सरळ कराल ना परत?"

नाही म्हणाले. यावर विश्वास का ठेवावा, हे त्यांनी विचारलं नाही. ताट पुन्हा ओढून त्या देठं काढायला लागल्या. मिरचीने माझे डोळे चुरचुरायला लागले आणि मी ते तसेच राहू दिले.

"ती पोरगी येईल कीं?" अक्का म्हणाल्या. "पोरगी येत असेल तर बसूं."

२९ मे

याच तारखेला कॉन्स्टँटिनोपल पडलं. दिवस सरांनीच निवडला.

तीन खुर्च्या होत्या. एकीवर सर, एकीवर अक्का, तिसरी निधीला. मी भिंतीला टेकून खाली बसले, हेडफोन लावून.

प्रस्तावना मी केली नाही. निधीने रेकॉर्डर सुरू केला आणि सर म्हणाले, "अक्का, आज शेवटचं सांगत्यें."

"सांग."

सांगितलं त्यांनी. वेढा, तटाला पडलेली खिंडारं, शेवटची रात्र, मोठ्या देवळातली प्रार्थना. आधी चाचरले, मग भाषा सुटली आणि ते कुठेच थांबेनात. कितीतरी शब्द मला कळले नाहीत. अक्का मध्ये मध्ये विचारत होत्या. "राजा पळून कां गेला नाही?"

"लोक सांगट्ले, जा म्हणून. तो राहिला. राजाचीं चिन्हं काढून टाकून तटावर गेला सांगत्यात. मग सांपडलाच नाही."

"लग्न झालेला?"

"दोनदां. दोघीही मेल्या."

"अय्यो पापम, बिचारा," अक्का म्हणाल्या. गुडघ्यावरचा हात तसाच राहिला.

मग सरांनी आणखी एक सांगितलं. शहर पडून साडेचारशे वर्षं झाल्यावर, तिथल्याच समुद्रातल्या एका बेटावर ग्रीस देशाचं सैन्य उतरलं. गावातली पोरं शिपायांना बघायला धावली. शिपाई म्हणाले, काय बघता रे? पोरं म्हणाली, ग्रीक कसे असतात ते बघतोय. शिपाई म्हणाले, अरे, तुम्ही ग्रीकच ना? पोरं म्हणाली, नाही, आम्ही रोमन. त्यांच्यातल्याच एकाने मोठेपणी हे सांगून ठेवलंय.

अक्का हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. "आम्ही पण तसेंच. तंजावरास पुण्याची कोण एक बाई आली म्हणून आम्ही पोरं धांवट्लों. मराठी बाई कशी असत्ये, बघायला. ती विचारट्ली, तुम्ही कोण? आम्ही सांगट्लों, आम्ही मराठी. ती फार हसली."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मुद्दाम नव्हे, खरंच त्या बाईला आठवत होत्या. ते जास्त लागलं.

मग निधीकडे वळल्या. "तूं कोण गे?"

"मी पण मराठीच, पाटी," निधी म्हणाली. "पण माझा मराठी थोडा वेगळा आहे. मला येतो, पण बोलायला भीती वाटतो."

तिचं इतकं लांब मराठी मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. हेडफोनमधून ते अगदी कानाशी आलं, श्वासासकट.

"चांगला आहे," अक्का म्हणाल्या. "बोल."

निधी मात्र बोलली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. सरही थांबले होते, तेही माझ्याकडेच बघत होते. मी पुरती मान खाली घातली तेव्हा कुठे लक्षात आलं की दोघं कशासाठी थांबलेत. मी दुरुस्त करून घेईपर्यंत थांबायचं, अशी त्यांना सवय झाली आहे.